परदेशात आपला फोन कोणाकडचा पाहुणा?



समजा, तुम्ही वाईत राहता. तुमची आत्या सिंगापूरला असते आणि आजी तीन आठवड्यांसाठी तिच्याकडे जाणार आहे. पासपोर्ट झाला, तिकीट झाले, गोडा मसाला आणि मेतकूट बांधून झाले. मग एका संध्याकाळी आजी आपला फोन तुमच्या हातात देऊन विचारते, "अरे, हा तिकडे चालेल ना? विमानातून उतरल्यावर तुझ्या आत्याला कळवू कसं?"

घरातले फोनचे प्रश्न शेवटी शाळेत जाणाऱ्या मुलामुलींकडेच येतात, हा सर्वांचा अनुभव आहे. शेजारचे काका म्हणतात, "इथलंच सिम चालू ठेवा." मामा म्हणतो, "तिकडं गेल्यावर नवीन घ्या." आत्या स्वतः म्हणते, "ई-सिम घ्या, सोपं असतं." तिघांचेही म्हणणे आपापल्या परीने खरे आहे. पण आजीसाठी कोणते योग्य, हे ठरवायचे तर फोन परदेशात गेल्यावर नेमके काय घडते ते समजून घेतले पाहिजे. ते कळले की कोणाच्या सांगण्यावर अवलंबून राहावे लागत नाही. आज आपण तेच पाहू.

फोनची ओळख कोठे असते?

पुष्कळांना वाटते की आपला नंबर फोनमध्ये असतो. तसे नाही. तोच फोन घेऊन त्यातले सिम बदलले की नंबर बदलतो. म्हणजेच ग्राहकाची ओळख फोनमध्ये नसून सिममध्ये असते. सिमकार्ड म्हणजे प्लास्टिकच्या तुकड्यावर बसवलेला एक छोटासा संगणक आहे. पहिली सिमकार्डे १९९१ साली जर्मनीतील म्युनिक येथील एका कंपनीने तयार केली आणि ती फिनलंडमधील दूरध्वनी सेवेसाठी वापरली गेली. तेव्हा सिमकार्ड बँकेच्या कार्डाएवढे मोठे असे. आजचे सर्वांत लहान सिम १२.३ मिलिमीटर लांब आणि ८.८ मिलिमीटर रुंद आहे.

सिममध्ये दोन महत्त्वाच्या गोष्टी असतात. पहिली म्हणजे एक ओळख-क्रमांक. तो साधारणतः १५ अंकी असतो आणि आपल्या दहा अंकी मोबाइल नंबरापेक्षा वेगळा असतो. त्याचे पहिले तीन अंक देश सांगतात. भारतासाठी ४०४ आणि ४०५ हे अंक वापरले जातात, तर सिंगापूरसाठी ५२५. पुढचे दोन-तीन अंक कंपनी सांगतात आणि उरलेले अंक ग्राहक सांगतात. पत्त्यावर देश, गाव आणि घर लिहितात, त्यातलाच हा प्रकार.

दुसरी गोष्ट म्हणजे एक गुप्त संख्या. ती फक्त दोन ठिकाणी असते, सिममध्ये आणि ते सिम देणाऱ्या कंपनीच्या संगणकात. ती सिमच्या बाहेर कधीही पाठवली जात नाही. ही संख्या १२८ द्विमान अंकांची असते. २ चा १२८ वा घात काढला तर ३९ अंकी संख्या येते. एकेक संख्या वापरून पाहत गुप्त संख्या ओळखू म्हटले, तर जगातील सारे संगणक कामाला लावूनही ते शक्य होणार नाही.

"कोणाकडचे पाहुणे?"

आता आजीचे विमान सिंगापूरला उतरले असे समजा. तिने फोन चालू केला. तेथील मनोऱ्याला हा फोन अनोळखी आहे. आपल्याकडे गावात अनोळखी माणूस आला की पारावरची मंडळी काय विचारतात? "कोणाकडचे पाहुणे?" पाहुण्याने ओळखीचे घर सांगितले आणि त्या घरच्यांनी "हो, आमचेच आहेत" म्हटले, की त्याला चहापाणी मिळते. अगदी असेच येथे घडते.

आजीचा फोन आपला ओळख-क्रमांक सांगतो. पहिले अंक पाहून सिंगापूरच्या कंपनीला कळते की हे कार्ड भारतातील अमुक कंपनीचे आहे. ती भारतातील कंपनीला विचारते, "हे ग्राहक तुमचे का?" भारतातील कंपनी नुसते "हो" म्हणत नाही, कारण कोणीतरी खोटा क्रमांकही सांगू शकेल. ती एक यादृच्छिक संख्या, म्हणजे कोणताही नियम न लावता निवडलेली संख्या, आणि तिचे अपेक्षित उत्तर पाठवते. सिंगापूरची कंपनी ती संख्या आजीच्या सिमला देते. सिम आपल्या गुप्त संख्येच्या साहाय्याने उत्तर काढते. दोन्ही उत्तरे जुळली की ओळख पटते.

हे एका छोट्या खेळाने समजेल. तुमची आणि तुमच्या मित्राची गुप्त संख्या ७ आहे. नियम असा, की दिलेल्या संख्येला गुप्त संख्येने गुणायचे आणि शेवटचे दोन अंक सांगायचे. कोणी ४६ म्हटले तर ४६ × ७ = ३२२, म्हणून उत्तर २२. गुप्त संख्या न उच्चारताही ती तुम्हाला ठाऊक आहे हे सिद्ध झाले. हा खेळ सोपा असल्याने कोणी चिकाटीने ७ शोधून काढील. सिममधील खरा नियम इतका गुंतागुंतीचा असतो, की प्रश्न आणि उत्तर दोन्ही ऐकूनही गुप्त संख्या सापडत नाही.

परक्या देशातील जाळ्यावर अशा रीतीने पाहुणा म्हणून राहण्याला रोमिंग म्हणतात. यासाठी दोन देशांतील कंपन्यांमध्ये आधी करार झालेला असावा लागतो. असा पहिला आंतरराष्ट्रीय करार १९९२ साली फिनलंड आणि ब्रिटन या देशांतील कंपन्यांमध्ये झाला. भारतात मोबाइल सेवा सुरू झाली ती त्यानंतर, ३१ जुलै १९९५ रोजी. त्या दिवशी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम यांना पहिला फोन केला.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. पाहुणचाराचा खर्च सिंगापूरची कंपनी भारतातील कंपनीकडून वसूल करते आणि ती तो आजीकडून घेते. दोन ठिकाणचा हिशेब असल्याने रोमिंग सहसा महाग पडते.

भाषा जुळते का?

ओळख पटण्यापूर्वी फोन आणि मनोरा यांना एकमेकांचे ऐकू तर आले पाहिजे. हे बोलणे रेडिओ तरंगांनी होते. दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या संख्येला कंप्रता म्हणतात. हा शब्द तुम्हाला मराठी विश्वकोशात जागोजाग भेटेल. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली त्या विश्वकोशाचे काम तुमच्या वाईतच उभे राहिले.

मोबाइलसाठी वापरली जाणारी एक कंप्रता ९०० मेगाहर्ट्‌झ आहे, म्हणजे सेकंदाला ९० कोटी कंपने. प्रकाशाप्रमाणेच रेडिओ तरंगही सेकंदाला सुमारे ३० कोटी मीटर जातात. म्हणून तरंगाची लांबी ३० ÷ ९० = १/३ मीटर, म्हणजे सुमारे ३३ सेंटिमीटर झाली. १,८०० मेगाहर्ट्‌झला ती याच्या निम्मी होते.

सर्व देशांनी एकच कंप्रता निवडलेली नाही. दुसऱ्या पिढीच्या काळात भारतात ९०० आणि १,८०० मेगाहर्ट्‌झ वापरत, तर अमेरिकेत ८५० आणि १,९००. त्यामुळे येथून नेलेला एखादा जुना फोन तेथे मुकाच राही. आजचे बहुतेक स्मार्टफोन अनेक पट्ट्यांवर चालतात, म्हणून ही अडचण बरीच कमी झाली आहे.

पण दुसरी एक अडचण आहे. फोनच्या पिढ्या बदलल्या की देश जुनी सेवा बंद करतात, कारण त्याच कंप्रता नव्या पिढीला द्यायच्या असतात. सिंगापूरने दुसऱ्या पिढीची सेवा २०१७ साली आणि तिसऱ्या पिढीची २०२४ साली बंद केली. म्हणजे आजीकडे फक्त दुसऱ्या पिढीवर चालणारा बटणांचा फोन असेल, तर वाईच्या बाजारपेठेत तो खणखणीत वाजत असला तरी सिंगापुरात त्याला ऐकणारा मनोराच नाही. तेथे कोणतेही सिम घातले तरी उपयोग नाही. म्हणून सिमचा विचार करण्यापूर्वी फोन पाहावा. तो चौथ्या पिढीचा तरी असावा आणि त्याच जाळ्यावरून बोलणेही करू शकणारा असावा.

माहिती कोणत्या वाटेने जाते?

मनोऱ्यापर्यंतचा प्रवास तरंगांनी होतो, पण देशादेशांमधील बहुतेक प्रवास समुद्रतळावरच्या केबलींमधून होतो. मुंबईचे नाते या केबलींशी जुने आहे. १८७० साली मुंबई ते एडन अशी तार समुद्रतळावर टाकण्यात आली आणि मुंबईचा संदेश इंग्लंडला पोहोचू लागला. त्या तारेतून विजेचे स्पंद जात. आजच्या केबलींत काचेचे केसासारखे तंतू असतात आणि त्यांतून प्रकाशाचे स्पंद जातात. काचेत प्रकाशाचा वेग कमी होतो आणि सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर भरतो.

आता एक गंमत पहा. आजी सिंगापुरात भारतीय सिमवर रोमिंग करीत आहे आणि तेथील बसचे वेळापत्रक पाहते आहे. ते वेळापत्रक सिंगापुरातल्याच एका संगणकावर आहे. तरीही तिची विनंती सरळ त्या संगणकाकडे जात नाही. रोमिंगमध्ये बहुधा सर्व माहिती प्रथम घरच्या कंपनीच्या फाटकापर्यंत येते आणि तेथून इंटरनेटवर जाते. जणू पाहुण्याने शेजारच्या घरी निरोप पाठवायचा, तर आधी तो आपल्या गावी धाडायचा!

किती उशीर होईल? चेन्नई ते सिंगापूर ही एक समुद्री केबल सुमारे ३,२०० किलोमीटर लांबीची आहे. घरच्या कंपनीचे फाटक चेन्नईत आहे असे समजू. एका खेपेला ३,२०० ÷ २,००,००० = ०.०१६ सेकंद लागेल. विनंती चेन्नईला आली, तेथून सिंगापूरला परत गेली, उत्तर चेन्नईला आले आणि पुन्हा सिंगापूरला गेले. चार खेपा झाल्या, म्हणजे ०.०६४ सेकंद. हा नुसता केबलीतला वेळ झाला. वाटेतील यंत्रांचा वेळ वेगळा. निरोप लिहिताना एवढा उशीर जाणवणार नाही. पण एखादे पान उघडताना अशा अनेक फेऱ्या होतात, आणि मग ते पान रेंगाळत उघडते. आत्याच्या फोनवर चटकन उघडणारा नकाशा आजीच्या फोनवर हळू का उघडतो, याचे एक कारण हे असू शकते.

तेथील स्थानिक सिम घेतले तर फोन पाहुणा राहत नाही, भाडेकरू होतो. त्याची माहिती तेथल्या तेथे इंटरनेटवर जाते. अंतर कमी, म्हणून उशीरही कमी.

चार मार्ग

आता आजीपुढचे चार मार्ग एकेक करून पाहू.

पहिला मार्ग : येथील सिमवर रोमिंग. यात काही बदलावे लागत नाही, नंबर तोच राहतो आणि विमानातून उतरताच फोन चालू होतो. मात्र ही सेवा येथून निघण्यापूर्वी कंपनीकडे मागून सुरू करून घ्यावी लागते. ठरावीक दिवसांचे पॅक घेतले नाही, तर प्रत्येक मेगाबाइटला वेगळा आकार पडू शकतो.

दुसरा मार्ग : तेथील स्थानिक सिम. ते विमानतळावर किंवा दुकानात मिळते. सिंगापूरसह अनेक देशांत त्यासाठी पासपोर्ट दाखवावा लागतो. डेटा भरपूर आणि स्वस्त मिळतो. पण नंबर नवा असतो. फोनमध्ये एकाच सिमची जागा असेल, तर भारतीय सिम काढून ठेवावे लागते, आणि खरी फजिती येथेच होते. बँकेचा ओटीपी, म्हणजे एकदाच वापरायचा सांकेतिक अंक, जुन्या नंबरावर येतो आणि ते सिम तर पाकिटात पडलेले असते!

तिसरा मार्ग : ई-सिम. यात वेगळे कार्ड नसते. फोनमध्ये कारखान्यातच एक चिप बसवलेली असते. कंपनी एक चौकोनी ठिपक्यांचा संकेत, म्हणजे क्यूआर कोड देते. तो फोनच्या कॅमेऱ्याला दाखवला की ओळख-क्रमांक आणि गुप्त संख्या कुलूपबंद रूपात इंटरनेटवरून येऊन त्या चिपमध्ये बसतात. सोय अशी की भारतीय सिम जागचे हलवावे लागत नाही. मात्र प्रवाशांसाठी विकली जाणारी पुष्कळशी ई-सिमे फक्त डेटा देतात, बोलण्यासाठी नंबर देत नाहीत. शिवाय अशा काही ई-सिमांचे मूळ घर तिसऱ्याच देशात असते. म्हणजे तीही पाहुणीच, फक्त वेगळ्या घरची! त्यांची माहिती कोणत्या वाटेने जाईल हे त्या घरावर अवलंबून असते.

चौथा मार्ग : केवळ वाय-फाय. आत्याच्या घरी ते आहेच. मोठ्या विमानतळांवरही बहुधा विनामूल्य मिळते. पण दोन वाय-फायच्या मध्ये, म्हणजे रस्त्यावर, बसमध्ये किंवा चुकामूक झाल्यावर, फोन मुका होतो. शिवाय सार्वजनिक वाय-फायची नोंदणी करताना कधी कधी फोनवर आलेला सांकेतिक अंक मागतात. म्हणजे फिरून सिमपाशीच येऊन ठेपलो. अनोळखी वाय-फायवरून बँकेचे व्यवहार करू नयेत, हेही आजीला सांगून ठेवा.

आता हिशेब

कोणता मार्ग स्वस्त, हे आजीला डेटा किती लागेल त्यावर ठरेल. तो अंदाजाने नव्हे, गणिताने काढू.

डेटाचा वेग बिटमध्ये सांगतात आणि साठा बाइटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट. एका व्हिडिओ-कॉलला जाताना आणि येताना सेकंदाला प्रत्येकी १ मेगाबिट लागते असे समजू. मग एका दिशेने मिनिटाला ६० ÷ ८ = ७.५ मेगाबाइट, आणि दोन्ही दिशा मिळून १५ मेगाबाइट. आजी रोज रात्री २० मिनिटे वाईला बोलली तर १५ × २० = ३०० मेगाबाइट. २१ दिवसांचे ६,३०० मेगाबाइट, म्हणजे ६.३ गिगाबाइट झाले.

पण थांबा. हे बोलणे आत्याच्या घरून, वाय-फायवरून होणार आहे. बाहेर असताना आजी फक्त निरोप पाठवील, एखादे छायाचित्र धाडील, नकाशा पाहील. त्याला रोजचे ५० मेगाबाइट धरू. २१ × ५० = १,०५० मेगाबाइट, म्हणजे जेमतेम १ गिगाबाइट. कोठे बोलायचे एवढे ठरवल्याबरोबर गरज सहा-सात पटींनी कमी झाली! पुष्कळ लोक हा हिशेब न करताच मोठे पॅक घेतात.

आता दराकडे वळू. रोमिंगचे रोजचे पॅक र रुपयांचे आणि स्थानिक सिम एकदाच स रुपयांचे असेल, तर द दिवसांनंतर रोमिंगचा खर्च र × द होईल. दोन्ही खर्च समान होण्याचा दिवस द = स ÷ र. उदाहरणापुरते र = ५०० आणि स = १,२०० घ्या. १,२०० ÷ ५०० = २.४. म्हणजे दोन दिवसांच्या मुक्कामाला रोमिंग बरे, तीन दिवस किंवा अधिक असतील तर स्थानिक सिम बरे. हे आकडे केवळ मानलेले आहेत. खरे दर सतत बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी ताजे दर विचारून त्याच सूत्रात घाला.

आणि पॅक न घेता डेटा चालू राहिला तर? मेगाबाइटला ५ रुपये आकार मानला, तरी एका २० मिनिटांच्या व्हिडिओ-कॉलचे ३०० × ५ = १,५०० रुपये होतात. आजी काही न करता बसली तरी फोन आपण होऊन अ‍ॅप अद्ययावत करीत असतो, छायाचित्रांच्या प्रती पाठवीत असतो. त्याचाही आकार पडतो.

मग आजीसाठी काय ठरवावे?

आजीचा फोन चौथ्या पिढीचा आहे आणि त्यात दोन सिमांची सोय आहे असे धरू. तर असे करावे. भारतीय सिम जागेवरच ठेवावे. त्यावर रोमिंग सेवा सुरू करून घ्यावी, पण फोनमधील डेटा-रोमिंगचे बटण त्या सिमपुरते बंद ठेवावे. डेटा बंद असला तरी बँकेचे लघुसंदेश येऊ शकतात, कारण लघुसंदेशाला इंटरनेटची वाट लागत नाही. जाळे आणि फोन यांच्यात चालणाऱ्या संकेतांच्या वाटेने तो येतो. येणाऱ्या संदेशांना आकार आहे का, तेवढे कंपनीला विचारावे. बाहेरच्या वापरासाठी दुसऱ्या जागी स्थानिक सिम, किंवा फोनला सोय असेल तर ई-सिम, थोड्या डेटाचे घ्यावे. व्हिडिओ-कॉल आत्याच्या वाय-फायवरून करावेत.

राहता राहिला विमानातून उतरल्यापासून आत्या भेटेपर्यंतचा अर्धा-पाऊण तास. आजीच्या दृष्टीने तोच सर्वांत कठीण आहे. परका विमानतळ, इंग्रजी पाट्या, आणि हातात अनोळखी खुणा दाखवणारा फोन. ई-सिम वाईतूनच, घरच्या वाय-फायवर भरून ठेवले तर हा वेळ सुखाचा जातो. मुदत केव्हापासून मोजतात ते मात्र वाचून घ्या. काही ई-सिमांची मुदत भरल्या क्षणापासून सुरू होते, काहींची परदेशी जाळ्याला जोडल्यावर. ई-सिमची सोय नसेल, तर पहिल्या एका दिवसापुरते रोमिंगचे पॅक घ्यावे. वर काढलेल्या सूत्राने एका दिवसाला रोमिंगच परवडते.

दुसऱ्याच्या बाबतीत उत्तर निराळे येईल. शिकण्यासाठी दोन वर्षे जाणाऱ्या ताईला स्थानिक सिमच हवे. जर्मनी, फ्रान्स आणि इटली फिरणाऱ्या कुटुंबाला तीन सिमे घ्यावी लागत नाहीत. युरोपीय संघाने १५ जून २०१७ पासून सदस्य देशांमधील रोमिंगचा जादा आकार ठरावीक मर्यादेत रद्द केला आहे. एका देशाचे सिम दुसऱ्या देशात बहुधा त्याच दरात चालते. ब्रिटन मात्र आता त्या संघात नाही, म्हणून तेथे ते चालेलच असे धरून जाऊ नये.

म्हणून उत्तर पाठ करू नका. प्रश्न ध्यानात ठेवा. फोनला तेथील कंप्रता आणि पिढी कळते का? तेथे त्याची ओळख कोण देणार? माहिती कोणत्या वाटेने जाणार? किती दिवस, किती मेगाबाइट? आणि जुन्या नंबरावरचा सांकेतिक अंक कसा मिळणार? या पाच प्रश्नांची उत्तरे मिळाली की मार्ग आपोआप दिसतो.

निघण्यापूर्वी

१. प्रवासाच्या गावाचा नकाशा घरच्या वाय-फायवर फोनमध्ये उतरवून ठेवा. मग तो इंटरनेटशिवायही उघडतो.

२. अ‍ॅप आपोआप अद्ययावत होण्याची सोय फक्त वाय-फायपुरती ठेवा.

३. निरोपाचे अ‍ॅप नव्या सिमवर "नंबर बदलायचा का?" असे विचारील. आजीला "नाही" म्हणायला सांगा. अ‍ॅप जुन्या नंबरानेच चालते.

४. क्यूआर कोडचे छायाचित्र आणि सांकेतिक अंक कोणालाही पाठवू नका.

५. एका कागदावर आत्याचे नाव, घरचा पत्ता आणि दोन फोन नंबर ठळक अक्षरांत लिहून आजीच्या बटव्यात ठेवा. फोनची बॅटरी संपली तर वरचे चारही मार्ग एकदम बंद होतात. कागद बंद होत नाही.

करून पहा

१. घरातील फोनवर नंबर लावायच्या जागी स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश अशी बटणे दाबा. दिसणारा १५ अंकी क्रमांक फोन-यंत्राचा आहे, सिमचा नाही. त्याबरोबर ३२ अंकी आणखी एक क्रमांक दिसला, तर त्या फोनमध्ये ई-सिमची चिप आहे असे समजा.

२. फोनच्या सेटिंगमध्ये डेटाचा खर्च पहा. मग बरोबर पाच मिनिटे व्हिडिओ-कॉल करा आणि खर्च पुन्हा पहा. मिनिटाला किती मेगाबाइट लागले? लेखात मानलेल्या १५ मेगाबाइटशी तुलना करा. फरक का पडला असेल?

३. मुंबई ते लंडन हे सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. तेवढीच लांब काचतंतूची केबल मानून चार खेपांना किती वेळ लागेल ते काढा. खरी केबल याहून लांब का असते, ते नकाशा पाहून सांगा.

४. वर्गात तीन गट करा. एक सिंगापूरची कंपनी, दुसरा भारतातील कंपनी आणि तिसरा आजीचे सिम. गुणाकाराचा खेळ खेळून ओळख पटवा. मग चौथ्या गटाला नुसते ऐकून गुप्त संख्या शोधायला सांगा. किती प्रश्नोत्तरांनंतर ती सापडते? ती सापडू नये म्हणून नियम कसा बदलाल?

हे सारे झाल्यावर आजीच्या हातात फोन द्या, आणि वाय-फाय कोठले, बटण कोणते हे तिच्याकडूनच दोनदा करवून घ्या. निवड तुम्ही केलीत तरी परक्या विमानतळावर फोन तीच वापरणार आहे.